हातोहात



यंदाच्या मालेत आमच्या वाट्याला ही संध्याकाळ आली, तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा किंवा कामगार कायद्याचा इतिहास सांगू अशीच चालकांची अपेक्षा असावी. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने क्षुल्लक वाटेल. एका बाकावर दोन माणसे बसली आहेत. एकाच्या फोनमध्ये एक छायाचित्र आहे आणि ते त्याला शेजारच्याच्या फोनमध्ये द्यावयाचे आहे. दोन फोनांमध्ये अंतर हातभराचे. तरीही आज बहुतेक माणसे ते छायाचित्र व्हॉट्सॲपवर चढवितात. ते भिंतीबाहेर पडते, मनोऱ्यावर जाते, तारांतून कुठल्या तरी दूरच्या यंत्रगृहात पोचते, आणि तेथून फिरून त्याच बाकावर येते. वाटेत त्याचा आकार घटतो आणि ते कोणत्या दिवशी, किती वाजता काढले याची नोंद त्यातून गळून जाते. मजकूर कुलूपबंद असतो हे खरे. पण कोणी कोणाला केव्हा काही पाठविले, हे मधल्या यंत्राला कळल्यावाचून राहत नाही.

हा हातभराचा प्रवास थेट का होऊ नये, आणि तो थेट व्हावा म्हणून आजवर कोणकोणती साधने निघाली, हा आमचा विषय. आम्ही इंजिनियर नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि ग्रंथालयाच्या बाकावर. परंतु कागद एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, हा प्रश्न चळवळीतल्या माणसाला दररोज पडतो, आणि त्या अधिकाराने आम्ही येथे बोलत आहोत.

१८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या कमिशनापुढे एक अर्ज ठेवला. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, अशा त्यातील मागण्या. आज आम्हांला त्या मागण्यांइतकेच त्या सह्यांचे नवल वाटते. साडेपाच हजार माणसांपुढे कागद जाणे म्हणजे तो कोणाच्या तरी हातून, साच्यांजवळून, चाळींच्या जिन्यांवरून फिरणे. मधे मालक नाही, मुकादम नाही. कामगारांच्या कागदाला हे वळण पहिल्यापासूनच आहे. आमच्या उमेदवारीच्या काळात सायक्लोस्टाइलचे यंत्र होते. मेणकागदावर टंकलेखन करावयाचे, शाईचा रूळ फिरवावयाचा आणि ओली पत्रके पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी गेटवर न्यावयाची. त्या शाईचा वास आमच्या सदऱ्यांना कायमचा चिकटलेला असे.

संगणक आले तेव्हा त्यांचीही देवघेव प्रथम पायीच सुरू झाली. आय.बी.एम. कंपनीने १९७१ साली आठ इंचांची लवचिक चकती बाजारात आणली, ती मुळात स्वतःच्या मोठ्या यंत्रांच्या सूचना गिऱ्हाइकाकडे टपालाने धाडता याव्यात म्हणून. तीत मावत असे सुमारे ८० किलोबाइट. पुढे चकती लहान होत गेली आणि पोट मोठे होत गेले. १९८७ च्या सुमारास रूढ झालेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावू लागले. आजच्या फोनने काढलेल्या एका साध्या छायाचित्राला तसल्या दोन-तीन फ्लॉप्या लागतील. अमेरिकेतल्या संगणकवाल्यांनी या पायपिटीला कॅनव्हासच्या बुटांवरून विनोदी नाव ठेवले होते. आमच्याकडे असते तर चपलांवरून ठेवले असते!

हातोहात जाणाऱ्या वस्तूबरोबर रोगही जातो, हे प्रथम त्या चकत्यांनीच दाखविले. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत जगभर पसरला. गंमत अशी की त्या भावांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि टेलिफोन क्रमांक त्या विषाणूतच लिहून ठेवला होता. इतका प्रामाणिक उपद्रव पुढे कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

२००० च्या सुमारास पेनड्राइव्ह आला. पहिल्यात आठ मेगाबाइट मावत. त्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तो आजही असेल.

तारेवाचून आणि चकतीवाचून दोन यंत्रे बोलावीत, ही खटपट १९९३ साली नीट आकाराला आली. काही कंपन्यांनी एकत्र येऊन अवरक्त किरणांच्या देवघेवीचे नियम ठरविले. दूरदर्शनच्या रिमोटात असतात तेच हे किरण. फोनच्या माथ्यावर काळसर काच असे; दोन फोन एकमेकांसमोर मीटरभराच्या आत धरून ठेवावयाचे. हात हलला की काम थांबले. वेग सेकंदाला फार तर ११५ किलोबिट. तीन मेगाबाइटचे एक गाणे द्यावयास साडेतीन मिनिटे लागत, म्हणजे गाणे ऐकावयास जितका वेळ तितकाच ते द्यावयास. परंतु या पद्धतीत एक गुण होता. मधे कोणी हात घातला तर किरण अडे. देणारा आणि घेणारा समोरासमोर आहेत, याची साक्ष त्या यंत्राला आपोआप मिळे. हा गुण पुढच्या साधनांना कष्टाने परत मिळवावा लागला, आणि काहींना तो कधीच मिळाला नाही.

ब्लूटूथचा जन्म स्वीडनमधला. लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास लहान पल्ल्याच्या रेडिओवर काम सुरू झाले. हेतू एवढाच की फोनला लागणारी तारांची जंजाळे जावीत. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय.बी.एम. आणि तोशिबा या पाच जणांनी एक संघ केला. नाव सुचविले इंटेलच्या जिम कार्डाख यांनी, आणि तेही तात्पुरते म्हणून. दहाव्या शतकात हॅराल्ड नावाचा एक डॅनिश राजा होऊन गेला. त्याने विखुरलेली माणसे एका राज्यात आणली आणि त्याचे टोपणनाव होते निळा दात. तात्पुरते नाव कायम झाले. खूण म्हणून जी आकृती आपण फोनवर पाहतो, ती त्या राजाच्या आद्याक्षरांची, जुन्या उत्तरी लिपीतील जोडाक्षरे आहे.

या यंत्राची करामत अशी. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. हा पट्टा सर्वांना मोकळा, गावातल्या गायरानासारखा. म्हणून तेथे गोंगाटही फार. त्यावर उपाय म्हणून हा रेडिओ ७९ वाटांपैकी एका वाटेवर थांबत नाही. सेकंदाला १,६०० वेळा वाट बदलतो, आणि दोघांनाही पुढची वाट ठाऊक असल्याने संभाषण तुटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चित्र वा नावपत्ता देताना दोन फोन जी भाषा बोलतात ती ब्लूटूथवाल्यांनी नव्याने केली नाही, अवरक्त किरणवाल्यांकडून जशीच्या तशी उचलली. म्हणूनच की काय, कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही कंपनीच्या फोनला चित्र देऊ शकला. भाषा सामायिक होती, आणि ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती.

आपल्याकडे या शब्दाचे क्रियापदच झाले. "ते गाणं मला ब्लूटूथ कर की," असे कारखान्याच्या बसमध्ये ऐकू येई. इंटरनेट महाग होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर 'डाउनलोडिंग करून मिळेल' अशा पाट्या होत्या. दुकानदार थोड्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देई, आणि एका कार्डातला माल आठवड्याभरात सगळ्या खात्यात फिरे. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांना कोणी ग्राहक म्हणूनही मोजत नव्हते अशा माणसांपर्यंत शाहिरी, भीमगीते आणि भजने याच वाटेने पोचली, हेही लिहून ठेवले पाहिजे. क्यूबा देशात तर हीच मोठी व्यवस्था झाली. हव्हानात दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटचा जिन्नस, चित्रपट, मालिका, नियतकालिके, हार्ड डिस्कवर घालून घरोघर फिरे. तेथे फोनवर इंटरनेट सर्वांना खुले झाले ते २०१८ च्या डिसेंबरात.

आमच्या युनियनच्या कामात मात्र ब्लूटूथची एक अडचण होती आणि तिचा संबंध रेडिओशी नव्हता. पत्रक फोनमध्ये पोचे, पण उघडल्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. कारण पत्रक छापखान्यातल्या श्रीलिपीसारख्या टाइपात असे आणि तो टाइप फोनमध्ये नसे. कागद पोचला, मजकूर पोचला नाही! युनिकोड रुळल्यावर हा त्रास सरला. साधनाची निवड करताना माणसे वेग पाहतात. मिळालेली वस्तू उघडता येते की नाही हे कोणी पाहत नाही.

ब्लूटूथलाही रोग लागलाच. २००४ च्या जूनमध्ये 'कॅबिर' नावाचा कीडा निघाला. तो जवळच्या फोनला विचारी, "संदेश घेता का?" 'नको' म्हटले की पुन्हा विचारी. पुन्हा 'नको', पुन्हा प्रश्न. कंटाळून माणूस 'हो' म्हणे आणि फोन बाधित होई. २००५ च्या ऑगस्टात हेलसिंकी येथील जागतिक मैदानी स्पर्धांच्या वेळी, प्रेक्षागारात माणसे खेटून बसली असताना, तो फोनावरून फोनावर उडू लागला. संमती कशी काढावी याचे हे तंत्र आम्हांला अपरिचित नाही. कोऱ्या कागदावर सही मागणारा कंत्राटदार असाच दहादा विचारतो.

ब्लूटूथचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला दोन मेगाबिटांच्या आसपास राहिला. ७०० मेगाबाइटचा चित्रपट द्यावयास पाऊण तासाहून अधिक. तेव्हा लोकांची नजर वायफायकडे वळली. २०११ मध्ये अँड्रॉइडने दोन फोन पाठीला पाठ लावून वस्तू देण्याची 'बीम' ही रीत आणली. ती फारशी रुजली नाही आणि २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. खरी मजल मारली ती चिनी ॲप्सनी. लेनोव्हो कंपनीच्या घरात जन्मलेले शेअरइट, झेंडर, झाप्या. त्यांची युक्ती साधी होती. एक फोन आपलेच लहानसे वायफाय उभे करतो, दुसरा त्यात शिरतो, आणि माल इंटरनेटला स्पर्श न करता वेगाने जातो. डेटा खर्च होत नाही. चित्रपट काही मिनिटांत. शेअरइट जगभर शंभर कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले, यात आश्चर्य नाही.

पण फुकटच्या बैलगाडीचा गाडीवान आपली वाट धरतो. प्रथम जाहिराती आल्या, मग बातम्या, मग चित्रफिती. देवघेवीचे बटण त्या बाजारात शोधावे लागे. ॲप परवानग्याही पुष्कळ मागे. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि २९ जूनला भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ५९ ॲप्सवर बंदी घातली. शेअरइट आणि झेंडर दोन्ही त्या यादीत होती. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत ट्रेंड मायक्रो या संस्थेने जाहीर केले की शेअरइटमध्ये अशी भोके आहेत, ज्यांतून दुसऱ्याच्या फोनात शिरता येते. कंपनीला कळवून तीन महिने झाले तरी ती बुजविली गेली नव्हती. सरकारने राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न पाहिला. आम्हांला त्याखेरीज दुसरा प्रश्न दिसला. हातभर अंतरावर वस्तू देण्याची कोट्यवधी लोकांची सवय एका ॲपच्या हाती गेली होती, आणि ते एका रात्रीत हातातून गेले. गूगलने ४ ऑगस्ट २०२० रोजी 'निअरबाय शेअर' जाहीर केले. पुढे २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या साधनाशी जोडून 'क्विक शेअर' या एका नावाखाली आले.

ॲपलची गोष्ट स्वतंत्र सांगावी लागते. त्या कंपनीचे 'एअरड्रॉप' २०११ मध्ये तिच्या संगणकांवर आणि २०१३ मध्ये फोनांवर आले. ब्लूटूथने शेजारी ओळखावयाचा आणि वायफायने माल द्यावयाचा, अशी त्याची विभागणी. साधन उत्तम, आम्ही ते वापरून पाहिले आहे. पण ते ॲपलच्या यंत्रांपुरतेच होते, आणि आयफोनने साध्या ब्लूटूथवरून इतरांना चित्र देण्याची सोय मुळात ठेवलीच नव्हती. एका टेबलाभोवती बसलेल्या चौघांत दोघांकडे हे फोन आणि दोघांकडे ते, की कागद अडला. तांत्रिक कारणे सांगितली जातात. आम्हांला त्यात व्यापाऱ्याचे कुंपणच अधिक दिसते.

तरीही याच कुंपणातल्या साधनाने काही वर्षांपूर्वी मोठे राजकीय काम केले. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या निदर्शकांनी चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या प्रवाशांच्या फोनांवर एअरड्रॉपने पत्रके धाडली. तेथे इंटरनेटवर पहारा होता, पण हवेतल्या या उडीवर नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरात बीजिंगच्या एका पुलावर निषेधाचे फलक लागले, आणि त्यांतला मजकूर असाच फोनाफोनांतून फिरला. त्यानंतर नोव्हेंबरात ॲपलने चीनमधील फोनांसाठी एक बदल केला: कोणाकडूनही वस्तू घेण्याचे दार दहा मिनिटांहून अधिक वेळ उघडे राहणार नाही. डिसेंबरात हाच नियम जगभर लागू झाला. नकोशी चित्रे पाठवून बायकांना त्रास देणाऱ्यांना यामुळे आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. पण बदल प्रथम कोठे झाला आणि केव्हा झाला, याकडेही डोळेझाक करता येत नाही.

याहून गंभीर भाग पुढे आहे. समोरचा फोन ओळखीच्याचा आहे की नाही हे ताडण्यासाठी एअरड्रॉप फोन क्रमांक उघडा धाडत नाही. गणिताने त्याचे पीठ करून धाडते. पिठावरून दाणा परत करता येत नाही, ही त्यातली भिस्त. परंतु दाण्यांचे प्रकार मोजके असतील तर प्रत्येक दाणा दळून पीठ ताडून पाहता येते, आणि दहा आकडी फोन क्रमांक संगणकाला मोजकेच! जर्मनीतील डार्मस्टाट विद्यापीठाच्या संशोधकांनी हा दोष २०१९ मध्येच कंपनीला कळविला होता. २०२४ च्या जानेवारीत बीजिंगच्या न्याय खात्याने जाहीर केले की तेथील एका संस्थेने फोनातील नोंदींवरून एअरड्रॉपने पाठविणाऱ्यांचे क्रमांक आणि ईमेल शोधून काढले आहेत. ज्यांनी पत्रके पाठविली होती त्यांना ही गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती.

हे सर्व आम्हांला का शोधत बसावे लागले, ते सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात एका औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांचा जादा कामाच्या पैशांचा तंटा आमच्याकडे आला. बहुतेक बायका, पॅकिंग खात्यातल्या. रोजचे तास एका फळ्यावर खडूने लिहिले जात आणि दुसऱ्या दिवशी पुसले जात. काही जणींनी सुटताना त्या फळ्याची छायाचित्रे काढून ठेवली होती. कंत्राटदार म्हणे, असा फळाच नव्हता. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून आमच्याकडे आली तेव्हा त्यांतून तारीख-वेळ गळालेली. मूळ छायाचित्रे ज्या-त्या फोनमध्ये, आणि फोन जुने. आज चालतो, उद्या दुकानात.

तेव्हा मूळ वस्तू जशीच्या तशी, एका संध्याकाळी, सर्वांकडून गोळा करावयाची, असे ठरले. प्रश्न साधनाचा. गूगलचे साधन अँड्रॉइडवाल्यांना चालले असते, पण तिघीचौघींकडे जुने विकत घेतलेले आयफोन होते. ब्लूटूथने रात्र गेली असती. केबल लावून काढावे तर इतक्या तऱ्हेचे फोन आणि तितक्या तऱ्हेच्या केबली. कोणी ईमेल सुचविले. निम्म्या जणींना आपला ईमेल आहे हेच ठाऊक नव्हते, दुकानदाराने काढून दिलेला. ब्राउझरमध्ये उघडून देवघेव करण्याचे 'स्नॅपड्रॉप' हे एक सोपे संकेतस्थळ होते. पण त्याला पान उघडण्यापुरते इंटरनेट लागे. ते पुढे लाइमवायर या नावाच्या कंपनीने विकत घेतले. हे नाव जुने. गाण्यांच्या देवघेवीवरून २०१० साली अमेरिकन न्यायालयाच्या हुकमाने बंद पडलेल्या सेवेचे. मोकळ्या परवान्याचे एखादे साधन मालकाने विकले तरी त्याचा मूळ आराखडा लोकांजवळ राहतो, आणि स्नॅपड्रॉपच्या आराखड्यावरून इतरांनी 'पेअरड्रॉप' उभे केले, ही त्यातली जमेची बाजू.

चर्चेत सर्वांत नेमका प्रश्न विचारला तो एका मावशींनी. त्या म्हणाल्या, "भाऊ, फोटो घ्या हो, पण माझ्या फोनातलं बाकीचं काही जायचं नाही ना तिकडं? लेकीचे फोटो आहेत." वेग, कंपनी, किंमत यांच्या आधी हा प्रश्न यावयास हवा. शंभर कोटी वेळा उतरविलेल्या ॲपला किती जणांनी तो विचारला असेल, कोण जाणे.

शेवटी 'लोकलसेंड' घेतले. हे २०२२ पासून मोकळ्या परवान्यावर उपलब्ध आहे. त्याची घडण कोणालाही वाचता येते. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सर्वांवर चालते. त्याची एकच अट आहे: सर्व फोन एका वायफायवर हवेत. जे छायाचित्र निवडले तेच जाते. घेणाऱ्याने 'हो' म्हटल्यावाचून काही येत नाही. आणि वाटेत मजकूर कुलूपबंद असतो. याआधीही 'केडीई कनेक्ट' हे २०१३ पासूनचे साधन होते, पण ते दोन यंत्रांची कायमची जोडी जमवावयास अधिक योग्य. एका संध्याकाळच्या गर्दीला नव्हे.

ज्या चहाच्या हॉटेलात बसलो तेथे वायफाय होते, पण पाहुण्यांच्या वायफायवर अनेकदा एका फोनला दुसरा फोन दिसू नये अशी तजवीज केलेली असते. तेथेही तसेच निघाले. कारखान्याच्या वायफायचा प्रश्नच नव्हता. मग एकीच्या फोनचे हॉटस्पॉट लावले. त्याआधी तिच्या फोनचा मोबाइल डेटा बंद केला, नाहीतर इतरांचे फोन तिच्या पैशाने आपली नवी ॲप्स उतरवून घेत बसतात. ही खबरदारी साध्या कागदावर लिहून आम्ही आता सर्व शाखांना दिली आहे. लोकलसेंड प्रत्येक फोनला इंग्रजीत फळाचे नाव विशेषणासकट देते. कोणी हुशार आंबा झाली, कोणी देखणी स्ट्रॉबेरी, आणि तंट्याच्या कामात हशा पिकला. पण या नावांचा उपयोगही होता, कारण साध्या यादीत सात फोन एकाच कंपनीच्या एकाच नावाने दिसले असते आणि कोणता कोणाचा ते कळले नसते. दोघींचे फोन इतके भरले होते की ॲप उतरविण्यासच जागा नव्हती. त्यांचे मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातले. रात्री साडेनऊपर्यंत काम झाले. फळ्यावरचे तास तारखेवार लागले, आणि समेटाच्या बैठकीत कंत्राटदाराच्या माणसाने फळा होता हे कबूल केले. पैसे सर्व मिळाले नाहीत, बरेचसे मिळाले.

तंटा न्यायालयात गेला असता तर? कामगार न्यायालयांत पुराव्याचा कायदा अक्षरशः लागू होत नाही, पण संशयित पुराव्याचे वजन तेथेही कमीच. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद आपल्यापैकी काहींना आठवत असेल. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले की काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवरून ठरावयाचे होते, आणि त्या सीडींना कायद्याने लागणारा दाखला मागूनही अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निर्णय दिला की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर नकलेबरोबर असा दाखला हवाच. पण प्रयत्न करूनही तो मिळत नसेल तर न्यायालयाने तो मागवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तर दाखल्याच्या नमुन्यातच त्या वस्तूचे गणिती पीठ नोंदविण्याची जागा आहे. मघाशी ज्या पिठाने पत्रकवाल्यांचा घात केला, तेच येथे कामगाराच्या बाजूने उभे राहते. मूळ छायाचित्रातला एक ठिपका बदलला तरी पीठ निराळे निघते. व्हॉट्सॲपने लहान केलेले छायाचित्र म्हणूनच मूळ राहत नाही. हातोहात घेतलेले राहते. फक्त घेतल्या दिवशीच त्याचे पीठ काढून वहीत तारखेसह उतरवून ठेवावे. आमच्या कचेरीत हे काम एक बारावी झालेली मुलगी करते, आणि तिला त्याला पाच मिनिटे लागतात.

२० नोव्हेंबर २०२५ रोजी गूगलने जाहीर केले की तिचा पिक्सेल १० हा फोन आता ॲपलच्या एअरड्रॉपशी थेट देवघेव करू शकतो. चौदा वर्षांचे कुंपण एका बाजूने का होईना उघडले. पण त्याला एक अट आहे. समोरच्याने आपले दार 'सर्वांसाठी, दहा मिनिटे' असे उघडे ठेवावे लागते. म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये बसविलेले तेच दार. आमच्या सभासदांत पिक्सेल १० कोणाकडेही नाही. दोघा-तिघांकडे अजून बटणांचे फोन आहेत, त्यांना ब्लूटूथ चालते, आणि कार्ड रीडर कचेरीच्या खणात वरच्या बाजूलाच ठेवलेला असतो.